न पेटणारी लोकर

आई लोकर घ्यायला निघाली की दुकानदाराच्या कपाळावर आठ्या पडत. तुमसरच्या बाजारात लोकर ठेवणारं दुकान तेव्हा एकच होतं, तेही हिवाळ्यापुरतं. एरवी तिथं बांगड्या, रिबिनी आणि लेस मिळायची. आई लच्छी हातात घेई, गालाला लावी, मग मानेला लावी. तिच्या मते गाल खोटं बोलतो, मान बोलत नाही. गालाला मऊ लागलेली लोकर मानेला तासाभरात टोचायला लागते. मग ती धागा उलटा पिळून बघे. पीळ सैल असला तर धागा सुईच्या टोकावर फाटतो आणि टाका कुठं जाड, कुठं बारीक दिसतो. ओढून सोडला की तो आपल्या जागी परत आला पाहिजे. ओल्या पांढऱ्या फडक्यात दाबला की फडकं पांढरंच राहिलं पाहिजे. आणि एका कपड्याला लागेल तेवढी लोकर एकदमच, एकाच गठ्ठ्यातून घ्यायची, कारण महिन्यानं आणलेला तोच रंग तोच नसतो.

हे सगळं मी तिच्या मागं उभी राहून शिकले. मी मॅट्रिक झाले होते आणि लग्न जुळायचं होतं. वडिलांनी घरचा माग कधीच मोडून टाकला होता. ते आठवडी बाजारात लुगडी आणि धोतरं विकायचे. आई क्रोशाचं काम लहानपणी शेजारच्या एका नर्सबाईकडून शिकली होती. बाळाच्या टोप्या, झबली, मुलींचे झगे, बायकांची कोपरापर्यंतच्या बाह्यांची जाकिटं अशी कामं यायची. आम्ही दोघी पुढच्या छपरीत बसून विणायचो. राइस मिलचा भोंगा झाला की दुपार झाल्याचं कळे. मिलच्या धुराड्यांतून कोंढ्याची काळी राख उडून येई आणि दोरीवर वाळत घातलेल्या लोकरीवर बसे. ती झटकायची नसते, फुंकायची असते. झटकली की रंगात मुरते.

गाल, मान, पीळ आणि ओलं फडकं एवढ्या परीक्षा आई माझ्या आठवणीत पहिल्यापासून घ्यायची. धागा पेटवून बघायची परीक्षा मात्र तिनं नंतर सुरू केली. कधीपासून, ते मला नीट आठवतं. शेजारच्या घरातली पहिली सून गेली तेव्हापासून.

आमच्या घराला लागून कौलारू पण प्रशस्त घर होतं. मधे माझ्या छातीएवढी भिंत. त्या घरात एक म्हातारी आणि तिचा एकुलता मुलगा राहायचे. मुलगा धान बाजारात दलाली करायचा. दिसायला नीटनेटका, कधी आवाज चढवून बोलला नाही, रस्त्यात भेटला तर सायकलवरून उतरून आईची विचारपूस करायचा. त्याची पहिली बायको नाजूक, हसरी होती. तिनं आमच्याकडून एक आकाशी जाकीट करून घेतलं होतं. लोकर तिनंच पसंत केली होती, बाजारात नवीनच आलेली, चकचकीत, नायलॉनची. धुतली तर आटत नाही, लवकर वाळते, कसर लागत नाही, म्हणून सगळ्या बायका तीच मागायच्या. एके सकाळी त्या घरातून आरडाओरडा ऐकू आला. स्टोव्ह भडकला, असं सांगितलं गेलं. तिला भंडाऱ्याच्या दवाखान्यात नेलं आणि ती तिथंच गेली. आई तिला बघायला गेली होती. परत आल्यावर ती एवढंच म्हणाली की जाकीट अंगावरून काढता आलं नाही, ते वितळून कातडीला चिकटलं होतं.

त्यानंतर आई प्रत्येक लच्छीतून वीतभर धागा तोडून रॉकेलच्या चिमणीच्या ज्योतीवर धरू लागली. सुती दोरा भुरकन पेटतो, कागद जळल्याचा वास येतो आणि मागं पांढुरकी राख राहते. ती नायलॉनची लोकर आधी आक्रसते, मग थेंब थेंब गळते, आणि थंड झाली की काळा मणी होतो, नखानं फुटत नाही असा. खरी मेंढीची लोकर नाखुशीनं पेटते. ज्योतीतून बाहेर काढली की आपोआप विझते. केस जळल्याचा वास येतो, आणि काळा गोळा चिमटीत धरला तर त्याचा भुगा होतो. मला तेव्हा तो एक खेळ वाटायचा. आईला तो खेळ वाटत नव्हता. तिनं नायलॉनची लोकर मोठ्या बाईच्या कपड्याला लावणं बंद केलं. गिऱ्हाईक रुसलं तरी चालेल, पण चुलीपाशी बसणाऱ्या बाईला ती नकोच, असं तिचं झालं. कारण विचारलं तर ती धड सांगायची नाही.

वर्षभरात शेजारच्यानं दुसरं लग्न केलं. आणीबाणी उठून एक-दोन हिवाळे झाले असतील. मुलगी बपेऱ्याची, शेतकऱ्याच्या घरची. माझ्याच वयाची, उंच, हाडापेरानं मजबूत, धानाच्या रोवणीला वाकून वाकून पाठ कणखर झालेली. पहिले काही महिने ती आमच्याशी भिंतीवरून हसायची तेवढंच. नंतर दुपारची, सासूचा डोळा लागला की, भिंतीपाशी येऊन आमचं विणकाम बघत उभी राहायची. आईनं तिला एकदा आत बोलावलं. मग ती येत राहिली. तिला क्रोशाची सुई धरायला मी शिकवलं. तिचा हात जड होता, साखळी आवळून घालायची, सुई आत शिरायची नाही. पण ती चिकाटीची होती. उसवायची, परत घालायची.

आमच्याशी ती धानाबद्दल, म्हशीबद्दल, बावनथडीच्या पुराबद्दल बोलायची. नवऱ्याबद्दल कधी बोलायची नाही. दोन वर्षं होत आली तरी मूल नव्हतं, आणि सासू ते भिंतीवरून आम्हाला ऐकू जाईल अशा आवाजात कोणाला तरी सांगायची. घरात ऐकायला दुसरं कोणी नसायचं.

एका दुपारी आई नव्या लच्छ्यांची परीक्षा घेत होती. चिमणी पेटवून तिनं एकामागून एक धागे ज्योतीवर धरले. शेजारची बाई माझ्यापाशी बसून विणत होती. तिनं हात थांबवला आणि बघत राहिली. नायलॉनचा धागा गळाला तेव्हा तिनं पाय जवळ ओढून घेतले. खऱ्या लोकरीचा धागा विझला तेव्हा तिनं आईला तो परत पेटवायला सांगितला. आईनं पेटवला. तो परत विझला.

"काकू," ती म्हणाली, "याचं मले जाकीट करून द्या. पुऱ्या बाह्याचं. गळ्यापासून कमरेच्या खालपर्यंत."

आईनं तिला सांगितलं की ही लोकर खरखरीत आहे, मानेला टोचेल. हिच्यातच मऊ प्रत नागपूरला मिळते, ती मागवता येईल.

"टोचू द्या. मऊ नाही पाहिजे. पेटन नाही अशी पाहिजे."

मी हसले असते, पण आईच्या चेहऱ्याकडं बघून हसू आलं नाही. आईनं फुंकर मारून चिमणी विझवली.  मग त्या बाईनंच सांगितलं, खाली बघत, साखळी घालत घालत. स्वयंपाकघराच्या मागच्या दाराला नवऱ्यानं आठवड्यापूर्वी फळ्या ठोकल्या होत्या, मांजर येतं म्हणून. चूल बंद करून स्टोव्ह आणला होता, तिला धूर लागतो म्हणून. आणि तिच्यासाठी दोन नायलॉनच्या साड्या आणल्या होत्या, घरात वापरायला. सुती साड्या सासूनं पेटीत घालून कुलूप लावलं होतं. ती एवढंच सांगून थांबली. एकेक गोष्ट घेतली तर त्यात नवऱ्याची माया दिसावी अशीच होती.

माहेरी सांगितलंस का, असं आईनं विचारलं. तिनं दिवाळीला सांगितलं होतं. तेव्हा फळ्या नव्हत्या, स्टोव्ह नव्हता, नुसती भीती होती. नवरा रात्री उठून नुसता बघत बसतो, एवढंच सांगण्यासारखं होतं. तिच्या आईनं डोक्यावरून हात फिरवला आणि वडिलांनी बैलगाडी जुंपून तिला परत तुमसरला आणून सोडलं.

बाजारातल्या दुकानात तेवढी खरी लोकर नव्हती. हिवाळ्यात बसस्टँडच्या कडेला तिबेटी बायका स्वेटर विकायला बसत. त्यांची वसाहत आमच्याच जिल्ह्यात, जंगलाच्या बाजूला होती. त्यांच्यातली एक म्हातारी विकता विकता हातानं लोकर कातायची, तपकिरी, न रंगवलेली, तेलकट वासाची. आई आणि मी तिच्याकडं गेलो. भाषा जुळत नव्हती. आईनं काडेपेटी काढली, धागा तोडला, पेटवला. तिबेटी बाई आधी चिडली, मग तिला उमगलं आणि तिनं स्वतःच एक धागा तोडून आईला धरून दाखवला. तो धड पेटलाही नाही. तिच्याजवळ होती तेवढी सगळी लोकर आम्ही घेतली. कमी पडली. तेव्हा आईनं वडिलांचा जुना लोकरी स्वेटर, जो त्यांनी कोण्या फौजी माणसाकडून घेतला होता, तो उसवायला काढला. वडिलांनी हरकत घेतली नाही. आईनं त्यांना सगळं सांगितलं होतं असं मला वाटतं.

नमुनाही आम्ही तसाच निवडला. क्रोशाची सगळी शोभा जाळीत असते, पण जाळीतून वारा जातो आणि वाऱ्यासोबत दुसरंही काही जातं. आईनं बारीक सुई घेतली आणि नुसते मुके खांब, म्हणजे आखूड भरीव टाके, घालायला सांगितले, एकाला एक चिकटून, कुठंही उजेड दिसू न देता. गुंड्या हाडाच्या लावल्या, प्लास्टिकच्या नाही. पुढच्या बाजूनं ते जाकीट एका हिसक्यात उघडता यावं म्हणून काजं मोठी ठेवली. आम्ही हे सगळं ठरवत असताना कोणीही मोठ्यानं बोललं नाही की हे कशासाठी. छपरीत बसून, येणाऱ्या-जाणाऱ्याशी बोलत, आम्ही दोघी विणत होतो, आणि भिंतीपलीकडं स्टोव्हला पंप मारल्याचा आवाज आला की माझी सुई थांबायची.

जाकीट झालं. दिसायला ते घोंगडीसारखं होतं. ती ते अंगात घालून घरी गेली तेव्हा सासूनं भिंतीवरून आईला विचारलं की हे काय पोतं शिवून दिलं, नव्या सुनेला शोभेसं काही नव्हतं का. आईनं सांगितलं की पोरीला थंडी जास्त वाजते. सासू काही वेळ आईकडं बघत राहिली आणि आत गेली.

थंडी सरली. होळी झाली. गल्लीतल्या बायका सुती लुगड्यांत घामेजल्या तरी त्या बाईच्या अंगात जाकीट होतंच, निदान स्वयंपाकाच्या वेळी. बायका हसायच्या. कोणी म्हणे तिला अंगात ताप असतो, कोणी म्हणे डोक्यात. आईनं तिला आमच्याकडची एक जुनी सुती साडी दिली होती. सकाळी नवरा घरात असेपर्यंत ती नायलॉनची नेसायची, तो गेला की मोरीत जाऊन बदलायची. तिच्या मानेवर लोकरीनं लाल चट्टे उठले होते. मी खोबरेल दिलं तर ती म्हणाली की नको, तेलानं लोकर पेटेल.

चैत्रातली दुपार होती. भोंगा होऊन थोडाच वेळ झाला होता. मी दारात येऊन बघितलं तेव्हा शेजारच्या फाटकाला सायकल टेकवलेली होती. म्हणजे नवरा जेवायला आला होता. मी आत येऊन बसले. आई एका बाळाची टोपी विणत होती. एकाएकी तिचा हात थांबला. तिनं मान वर केली आणि नाकानं हवा ओढली. मलाही वास आला, पण कशाचा ते कळलं नाही. मिलच्या राखेचा नव्हता.

"लोकर जळून राहिली," आई म्हणाली, आणि उठून पळाली.

ती फाटकातून गेली नाही. भिंतीवरून गेली. त्या वयात, लुगड्यात, तिनं ती भिंत कशी ओलांडली हे मला आजही सांगता येत नाही. मी तिच्या मागं. म्हातारी पुढच्या ओसरीवर सूप घेऊन तांदूळ निवडत बसली होती. आम्ही तिच्या समोरून आत शिरलो तरी तिनं सूप खाली ठेवलं नाही. स्वयंपाकघराचं दार बंद होतं आणि बाहेरून साखळी वर चढवून कोयंड्यात अडकवलेली होती. फटीतून धूर येत होता. आईनं साखळी काढली.

ती दाराशीच होती. साडी तिनं फेडून कोपऱ्यात फेकली होती, ती तिथं जळत होती. जमिनीवर पसरलेल्या रॉकेलवरही जाळ होता. ती परकरावर आणि त्या जाकिटात उभी होती, जाकिटाच्या बाह्यांनी परकराची आग दाबत. आईनं तिला ओढून बाहेर काढलं आणि अंगणातल्या हौदापाशी बसवून तिच्यावर पाणी ओतलं. मी ओरडून गल्ली गोळा केली. माणसांनी माती टाकून आग विझवली. तिच्या पिंढऱ्या भाजल्या होत्या, तळहात सोलले होते. जाकिटाच्या बाह्या आणि खालची कड काळी होऊन ठिसूळ झाली होती. आईनं गुंड्या काढल्या. आत छाती, पोट, पाठ, सगळं घामानं भिजलेलं आणि धड होतं.

फाटकाला सायकल नव्हती.

आई ओसरीवर गेली आणि म्हातारीला विचारलं की दाराला साखळी कोणी लावली. म्हातारी सुपातून खडा वेचत म्हणाली,

"वाऱ्यानं लागली असन."

"साखळी वर चढते काय वाऱ्यानं?"

म्हातारीनं खडा अंगणात टाकला आणि दुसरा शोधू लागली.

त्या बाईनं दवाखान्यात जाताना टांग्यात आम्हाला सांगितलं. ती पोळ्या करत होती. पाठ दाराकडं होती. "पायाशी गार लागलं. मले वाटलं पाणी सांडलं." मग मागं दार लागल्याचा आवाज आला. कोण होतं, ते तिनं बघितलं नव्हतं. हवालदाराला तिनं तेच सांगितलं, कारण जे बघितलं नाही ते ती बघितलं म्हणणार नव्हती. नवरा संध्याकाळी दवाखान्यात आला, बाहेरच्या बाकावर डोकं धरून बसला आणि रडला. मी त्याचं रडणं बघितलं आहे. मला काही माहीत नसतं तर मला त्याची दया आली असती.

तिचे वडील आणि भाऊ बपेऱ्याहून आले. या वेळी वडिलांनी मुलीचे पाय बघितले आणि काही न विचारता तिला न्यायचं ठरवलं. जातीतल्या चार लोकांनी दोन्हीकडं समजावलं आणि बाब तिथंच मिटवली. जाकीट आमच्याकडं राहिलं. आईनं ते धुतलं नाही. कडुनिंबाचा पाला घालून ट्रंकेत ठेवलं.

पुढचं वर्ष-दीड वर्ष शेजारचं घर शांत होतं. स्टोव्हचा आवाज यायचा नाही. म्हातारी चूल पेटवू लागली होती. मग एका पावसाळ्याच्या शेवटी बाजारात बातमी आली की दलालाचं पुन्हा जुळून राहिलं आहे, मुलगी नाकाडोंगरीकडची, बाप मँगनीजच्या खाणीवर कामाला. आई त्या रात्री जेवली नाही. दुसऱ्या दिवशी तिनं ट्रंक उघडली, जाकीट फडक्यात बांधलं, वर बाळाच्या टोप्या ठेवल्या आणि मला सोबत यायला सांगितलं. वडिलांनी तिला अडवलं. शेजाऱ्याशी वैर घेऊन या गल्लीत राहायचं कसं, असं त्यांचं म्हणणं होतं, आणि ते खोटं नव्हतं. आईनं त्यांचं सगळं ऐकून घेतलं, आणि आम्ही बसस्टँडवर गेलो.

बस जंगलातून जात होती. टोप्या विकायच्या निमित्तानं आम्ही ते घर शोधलं. मुलगी अंगणात भांडी घासत होती, फार तर सतरा वर्षांची. तिनंच आम्हाला पाणी दिलं. आईनं तिच्या आईला आत नेलं आणि फडकं सोडलं. फार बोलली नाही. पहिली कशी गेली, दुसरी कशी वाचली, साखळी कुठं होती, एवढं सांगितलं आणि जाकीट तिच्या मांडीवर ठेवलं. त्या बाईनं जळकी कड चिमटीत धरली, तिचा भुगा झाला. तिनं हात लुगड्याला पुसला. बाप आला तेव्हा त्यालाही दाखवलं. त्यानं ते उलटसुलट करून बघितलं. आम्हाला चहा दिला, बसपर्यंत सोडायला आला, आणि बस सुटेपर्यंत हात मागं बांधून उभा राहिला. त्याला पटलं की नाही, हे कळायला मार्ग नव्हता.

लग्न मोडल्याचं आम्हाला दिवाळीनंतर कळलं. ते आम्हाला सांगायला खुद्द शेजारचा आला.

सांजवेळ होती. मी दिवा लावत होते. तो फाटकातून आला, चपला व्यवस्थित काढल्या आणि छपरीतल्या खाटेवर बसला. वडील बाजारातून यायचे होते. त्यानं आईला नेहमीसारखं काकू म्हटलं, तब्येत विचारली. नाकाडोंगरीचं फिसकटलं, असं हसून सांगितलं. मग पुढ्यातल्या टोपलीतला एक गुंडा उचलला, थोडा धागा सोडवला आणि बोटाभोवती गुंडाळत बसला. बोटाचं टोक पांढरं पडेपर्यंत.

"तुम्ही तिकडं गेल्या होत्या म्हणे काकू. तो रस्ता खराब आहे. पोरीले घेऊन जात नका जाऊ."

आई म्हणाली की काम असलं की जावं लागतं. तिचा आवाज साधा होता, पण सुई तिनं मुठीत धरली होती. तो थोडा वेळ माझ्याकडं बघत बसला. मग धागा बोटावरून काढला, गुंडा नीट गुंडाळून टोपलीत ठेवला, चपला घातल्या आणि गेला. त्यानं दुसरं काहीही केलं नाही. ना त्या दिवशी, ना नंतर. पण वडिलांनी दुसऱ्याच दिवशी आमच्या घरातल्या सगळ्या दारांच्या बाहेरच्या साखळ्या उपटून काढल्या. रॉकेलचा डबा आई खाटेखाली, स्वतःच्या उशाशी ठेवू लागली. मी कॉलेजात जायचा विचार करत होते, तो सोडला, कारण तुमसर रोडच्या स्टेशनपर्यंतच्या रस्त्यावर त्याची सायकल असायची. तो काही करायचा नाही. उतरून उभा राहायचा आणि मी पुढं जाईपर्यंत थांबायचा.

माझं लग्न भंडाऱ्याला झालं. मी माहेरी आले की आई दारातच पहिल्यांदा भिंतीपलीकडचं सांगायची: आज घरात आहे, आज नाही. माझा नवरा मला चिडवायचा की तुझी आई शेजाऱ्याचं कॅलेंडर झाली आहे. त्याला सगळं सांगितल्यावर त्यानं पुन्हा चिडवलं नाही.

बपेऱ्याच्या त्या बाईला मी त्यानंतर एकदाच भेटले, बऱ्याच वर्षांनी. ती गावातल्या शाळेत खिचडी शिजवायला जायची. दुसरं लग्न तिनं केलं नाही, तिला कोणी विचारलंही नाही. तळहातांची कातडी आखडली होती, त्यामुळं सुई धरता येत नव्हती. मी तिच्यासाठी मऊ, पांढरी, नागपूरहून आणलेली लोकर नेली होती, शाल विणून द्यावी म्हणून. तिनं ती गालाला लावून बघितली, चांगली आहे म्हणाली, आणि मग चुलीतलं एक जळतं लाकूड पुढं ओढलं.  तिनं धागा तोडून त्यावर धरला आणि विझेपर्यंत बघत राहिली. नंतर माझ्याशी पोराबाळांच्या गप्पा मारल्या.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर कधीतरी म्हातारी वारली आणि मुलानं घर विकलं. तो नदीपलीकडं, बालाघाटच्या बाजूला गेला, असं ऐकलं. आता आईला हायसं वाटेल असं मला वाटलं होतं. तसं झालं नाही. भिंतीपलीकडं होता तोवर तो दिसत तरी होता, असं ती म्हणाली. तिकडून धान घेऊन येणाऱ्या गाडीवाल्यांना, लोकर विकणाऱ्या बायकांना, कोणालाही ती विचारायची. एका हिवाळ्यात एका गाडीवाल्यानं सांगितलं की हो, असा एक दलाल तिकडं आहे, भला माणूस आहे, मोठं घर बांधलं आहे, बायकोपण आहे. आईनं बायको कशी आहे ते विचारलं. गाडीवाला आठवत राहिला. मग म्हणाला की तिला कधी बाहेर पाहिलं नाही.